तो उन्हाळा न पाहिलेलं झाड

सोलंकी भाभींनी काल सकाळी भिंतीपलीकडून हाक मारली. "दीदी, परसों से नौतपा लग रहा है। कूलर की घास बदलवा ली?"

मी हो म्हणून टाकलं. खरं तर घास बदललेली नाही. कूलरच्या जाळीतली जुनी, सडकी घास काढून नवी भरणं हे आमच्या घरात ताईचं काम होतं. ती फ्रीगंजच्या बाजारातून घासेच्या जुड्या आणायची, बादलीत भिजवायची, आणि भरताना माझ्या नावानं ओरडायची. "नलू, इतकी गर्मी पडून राहिली आहे, अन् तू तर पुस्तक घेऊन बसली आहेस. जाळी कोण धरेल?" मी जाळी धरायची. पहिल्या दिवशी त्या ओल्या घासेचा जो वास घरभर सुटायचा, त्यानं आमचा उन्हाळा सुरू व्हायचा. यंदा मे संपत आला तरी माझा उन्हाळा सुरू झालेला नाही. बाहेर मात्र तो कधीचाच येऊन बसला आहे.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना नौतपा समजावून सांगावा लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस धरती तापते, म्हणून नौतपा. तिकडे लोक मेमध्ये ढगाची वाट बघतात. आमच्या उज्जैनला लोकांना हे नऊ दिवस कडकडीत तापायला हवे असतात. मधेच सर पडली तर "नौतपा गल गया" म्हणत घरातलं लग्न मोडल्यासारखे चेहरे करून बसतात. आता पाऊस धड होणार नाही, असा त्यांचा हिशेब. म्हणजे भाजून निघायचं आणि वर चांगलं भाजलं म्हणून समाधानही मानायचं. या गावात जन्म काढूनही मला ते समाधान जमलेलं नाही. ताईला जमायचं. ती गणित शिकवायची, आणि पुढे फायदा दिसत असेल तर आजचा त्रास ती वजा करून टाकायची.

यंदाच्या नौतपात माझ्यापुढे प्रश्न एकच आहे. फाटकाच्या पूर्वेला जे मोरपंखीचं झाड आहे, ते या नऊ दिवसांतून जगेल का? पुण्याहून दादाचे फोन येतात. "महिनाभर इकडे ये, तिथे एकटी काय करतेस?" मी म्हणते, झाड आहे. तो हसतो. त्याला वाटतं मी गंमत करते आहे. मी गेले तर ते झाड मरेल, हे मी वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई म्हणून सांगते. आणि ते मेलं तर मला काय होईल ते मला माहीत नाही, म्हणून मी जात नाही.

बाबा रेल्वेत होते. जळगावकडून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. फ्रीगंजच्या मागे त्यांनी हे लहानसं घर बांधलं. घर झाल्यावर आईनं शेजारणींकडून एक गोष्ट ऐकली. मोरपंखी दारात एकटी लावत नाहीत, जोडीनं लावतात. दोन झाडं, फाटकाच्या दोन बाजूंना. त्यातलं एक सुकलं तर दुसरंही काढून टाकायचं, नाही तर घरातली जोडी तुटते. आईला असल्या गोष्टी पटकन पटायच्या. तिनं एक झाड पश्चिमेला लावलं, एक पूर्वेला. तेव्हा घरातली जोडी म्हणजे आई आणि बाबा. ती दोघं त्यांच्या वयानं, एकामागून एक गेली. झाडं हिरवीच राहिली. मग कधीतरी, आमच्या नकळत, ती जोडी माझी आणि ताईची झाली. आम्हा दोघींची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत हे विचारणारे आता उरले नाहीत, ही म्हातारपणाची एक सोय.

मोरपंखीला इथे विद्येचं झाडही म्हणतात. तिची चपटी, जाळीदार डहाळी पुस्तकात ठेवली की विद्या येते म्हणे. मार्च आला की गल्लीतल्या मुली आणि माझ्या कॉलेजातल्याही काही, जाता जाता पूर्वेच्या झाडाला हात घालायच्या, कारण ते रस्त्याच्या वळणाला होतं. दरवर्षीच्या परीक्षांनी त्या झाडाला कंबरेच्या उंचीवर एक खाच पडली होती. मी मुलींना सांगायची, "बाळांनो, हे सूचिपर्णी झाड आहे, देवदाराच्या लांबच्या नात्यातलं. याला विद्येचं काही कळत नाही." त्या "हाँ मॅडम" म्हणायच्या आणि डहाळी दप्तरात टाकायच्या. ताई ओसरीतून म्हणायची, "तोडू दे गं. तुझ्या शिकवण्यानं तर पास होणार नाहीत."

जोडीच्या समजुतीला तर ती उघड हसायची. "एक गेलं की दुसरं जातं! मग शंभर पोरांच्या वर्गात एक नापास झाला की नव्व्याण्णव व्हायला पाहिजेत."

आणि मग तो उन्हाळा आला.

काही वर्षांपूर्वीचा मे. माझं पोटाचं ऑपरेशन इंदूरला झालं. साधंच होतं, पण टाके पिकले, ताप हटेना, आणि चार दिवसांच्या कामाचा महिना झाला. पुण्याहून वहिनी येऊन माझ्यापाशी राहिली. ताईची पाठ खुर्चीवर झोपण्याजोगी नव्हती, म्हणून ती उज्जैनला राहायची आणि एक दिवसाआड नानाखेड्याच्या स्टँडवरून बस पकडून डबा घेऊन यायची. लू लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा आणि डोक्यावर ओला नॅपकिन. वॉर्डात फिनाइलचा वास असायचा, त्यात कांद्याचा वास मिसळला की मी डोळे न उघडताच ओळखायची, ताई आली. ती माझ्या कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "आज तर कमी वाटून राहिला आहे." ताप कमी असो की नसो, ती तेच म्हणायची. गणितात तिनं कधी चूक खपवून घेतली नाही. तापाच्या आकड्यांबाबत मात्र ती सरळ खोटं बोलायची.

त्या वर्षी नौतपा गळला नाही. खिडकीच्या काचेला हात लावला की पोळायचा. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. उज्जैनला नळ एक दिवसाआड, आणि जो दिवस नळाचा तोच दिवस ताईच्या बसचा. झाडांना कोण पाणी घालणार, आणि कुणाला सुचणार.

नौतपा संपल्यावर मी घरी आले. रिक्षा फाटकाशी थांबली. ताई आधीच दारात उभी होती, हातात भाकरतुकडा घेऊन. असल्या गोष्टी न मानणारी माझी बहीण माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळत होती आणि तोंडानं म्हणत होती, "वहिनी म्हणाली म्हणून." मी तिच्या खांद्यावरून झाडांकडे पाहिलं.

पश्चिमेचं झाड ओळखू येत नव्हतं. अर्ध्याहून अधिक तांबूस झालेलं, बुंध्याकडे टक्कल पडलेलं, शेंड्याला मात्र थोडी धुगधुगी. पूर्वेचं झाड हिरवंगार. त्याच्या डोक्यावर बाबांची काळी छत्री बांधलेली, भोवती ओलं तरट. तेच अंगण, तेच ऊन, तोच कोरडा नळ, आणि एक झाड मरता मरता वाचलेलं आणि दुसरं नुकतंच न्हाऊन आल्यासारखं. मी उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. ते झाड नवीन आहे हे कळायला मला पायरी चढण्याइतकाही वेळ लागला नाही. उंची जवळपास तीच होती, कारण दोन्ही झाडं आम्ही डोक्याएवढीच छाटून ठेवायचो. कंबरेच्या उंचीला खाचही होती. कुणीतरी काळजीपूर्वक, एकेक डहाळी तोडून पाडलेली खाच. फक्त ती रस्त्याच्या बाजूला नव्हती, घराच्या बाजूला होती.

मी ताईच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवर फोड होते. मेमधली आमची काळी माती विटेसारखी होते. जन्मभर खडू धरलेल्या हातांनी तिनं ती खणली होती.

"वा," मी म्हटलं, "दोन्ही आहेत की."

"असणारच. कुठे जातील?" ती म्हणाली, आणि माझी पिशवी घेऊन आत वळली. हाताला काय झालं विचारलं तर म्हणाली, "कढई लागली."

आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. पहिल्या दिवशी माझ्यात बोलायची ताकद नव्हती. नंतर तिला लाजवणं बरं वाटेना. आणि पुढे पुढे तर न सांगणंच मला आवडायला लागलं. तिला वाटत होतं तिनं मला फसवलं आहे, आणि तसं वाटू देणं ही एकच गोष्ट मी तिला देऊ शकत होते. बाकी सगळं ती मला देत होती.

पण झाडं गप्प बसली नाहीत.

पश्चिमेचं झाड वाचलं. पावसाळ्यात त्यानं शेंड्याला नवी पालवी धरली, दोन वर्षांत बरंचसं भरलं. मात्र त्याचा स्वभाव बदलला. पूर्वी चैत्र-वैशाखापर्यंत ते बेफिकीर वाढत राहायचं. आता फाल्गुनात वारा नुसता कोरडा झाला की ते वाढ थांबवतं. पानं खोडाकडे मिटून घेतं, रंग मळका करतं. मी बादलीभर पाणी ओतलं तरी त्याचा विश्वास बसत नाही. पूर्वेचं झाड मात्र ऐन उन्हाच्या तोंडावर कोवळे शेंडे काढायचं आणि दुपारच्या झळांनी ते करपवून घ्यायचं. एकाच जातीची, एकाच अंगणातली दोन झाडं. एकानं तो मे पाहिला होता, एकानं नव्हता.

निवृत्तीनंतर मी वाचायची ते याच्याबद्दल. सूचिपर्णी झाडांना स्मृती असते, असं आता माझ्या विषयातले लोक मानायला लागले आहेत. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी असते. थंड देशांतल्या स्प्रूस नावाच्या झाडाचं बी ज्या वर्षी आईच्या अंगावर पिकतं, त्या वर्षीची ऊब किंवा गारठा ते बरोबर घेऊन जमिनीत पडतं, आणि रोप झाल्यावर हिवाळ्यासाठी कधी मिटायचं ते त्यावर ठरवतं. पाइनची रोपं एकदा बेताच्या उष्णतेतून गेली की पुढची उष्णता अधिक निभावून नेतात. यात जनुकं बदलत नाहीत. मजकूर तोच राहतो, पण त्यातलं काय मोठ्यानं वाचायचं आणि काय गिळून टाकायचं याच्या खुणा बदलतात. याला एपिजेनेटिक स्मृती म्हणतात. आईच्या आमटीचं असंच होतं. घरात कुणी आजारी पडलं की तिचा तिखटाचा हात हलका व्हायचा. माणूस बरा होऊन जिलबी खायला लागला तरी तो हात कितीतरी दिवस हलकाच राहायचा. आमटी तीच, डाळ तीच. जे झाड शेकडो वर्षं एका जागी उभं राहणार, त्याला पळून जाता येत नाही. मग लक्षात ठेवण्याशिवाय ते दुसरं काय करील?

पश्चिमेचं का वाचलं आणि पूर्वेचं का गेलं, याचंही उत्तर मला त्यात सापडलंसं वाटतं. पश्चिमेचं झाड लहानपणापासून दुपारचं ऊन खात होतं. त्याला थोडंथोडं सोसायची सवय होती. पूर्वेच्या झाडावर दुपारनंतर पश्चिमेच्याची सावली पडायची. म्हणजे एकानं दुसऱ्याला जपलं, आणि जपलेलं आधी गेलं. अंगणातल्या दोन झाडांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण माझ्याकडे अंगण तेवढंच आहे.

म्हणून दरवर्षी नौतपाच्या तोंडावर आमचं भांडण ठरलेलं. ताई तरट काढायची. एक टोक भिंतीच्या खिळ्याला, दुसरं बांबूला. मी बांबू धरायची आणि ती त्याच्या बुडाशी विटा रचायची. रचता रचता मी म्हणायची, "ताई, त्याला थोडं ऊन लागू दे गं. शिकेल ते. असं झाकून ठेवलंस तर जन्मभर नाजूक राहील."

"शिकून काय करायचं आहे त्याला? नोकरी लागणार आहे?"

"पश्चिमेचं बघ, कसं शहाणं झालंय."

"ते तर बिचारं घाबरून राहिलं आहे," ताई म्हणायची. "त्याला तू शहाणं म्हणतेस."

शिकवणाऱ्या माणसानं असं बोलावं याचा मला राग यायचा. पण ती स्वतः काय वेगळी होती? त्या उन्हाळ्यानंतर आमच्या दाराशी कायम एक पिशवी भरलेली असायची. दोन टॉवेल, नॅपकिन, साबण, स्टीलचा पेला. पुन्हा कधी इंदूरला धावावं लागलं तर शोधाशोध नको. मी न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिले की बाहेर उगाच बादली आपटल्याचा आवाज व्हायचा. मी आतून "आहे, आहे" म्हणायची. मग आवाज थांबायचा. एप्रिलमध्ये माझ्या टाक्यांच्या जागेला खाज सुटायची आणि मला कारण नसताना घाम फुटायचा. त्या घरात आम्ही तीन जीव होतो, ज्यांची पानं गरम वारा सुटताच मिटायची.

ताई गेल्या आश्विनात गेली. सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि खुर्चीतच मान कलंडली. डॉक्टर येईपर्यंतही नाही. पिशवी दाराशी तशीच होती. तिचा काही उपयोगच झाला नाही. पुढे चार-सहा दिवसांनी मी ती उघडली, तर आतले टॉवेल नुकते धुतलेले होते आणि त्यांच्यात अजून हिरवा असलेला कडुलिंब होता. म्हणजे ती ते अधूनमधून बदलत होती. इतकी वर्षं. माझ्यासाठी.

मला फार एकटं वाटतं. हे असं सरळ लिहिताना संकोच वाटतो, पण दुसरं लिहिलं तर खोटं होईल. पोहे भिजवताना मूठ अजून दोघींचीच पडते. नळ आला की "नलू, नळ!" अशी हाक येईल म्हणून मी थांबते आणि पाणी वाया जातं. आणि एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. ताई गेली आणि या घरातली मराठी गेली. दूधवाला, भाजीवाली, बँक, भाभी, सगळ्यांशी हिंदी. दादा शाळेपासूनच पुण्यात, त्याच्याशी फोनवर बोलते ती पुण्याची मराठी. "गर्मी पडून राहिली आहे" म्हटलं की तो हसतो, म्हणून मी सांभाळून बोलते. सांभाळून बोललेली ती माझी भाषा नव्हे. माझी भाषा बोलणारी माणसं जगात दोन होती, आणि आता एक आहे. कधी कधी संध्याकाळी मी पूर्वेच्या झाडाला पाणी घालताना त्याच्याशीच बोलते. "पाणी टाकून दिलं आहे हं, आता पी," असं.

ताईच्या मृत्यूनंतर पहिले काही महिने आसपासच्या बायका येताजाता झाडांकडे बघायच्या. जोडी तुटली आणि झाडं मात्र दोन्ही हिरवी, हा हिशेब त्यांना लागत नव्हता. मलाही कुठे लागला?

तर काल भाभींनी कूलरचं विचारलं, आणि मग भिंतीवर कोपर टेकून पूर्वेच्या झाडाकडे बोट केलं. "दीदी, बड़ी दीदी का टाट नहीं बाँधा अभी तक? ये वाला जल जाएगा।"

"यंदा विचार कर रही हूँ कि न बाँधूँ," मी म्हटलं. माझ्या हिंदीत मराठी शिरते ती अशी. "थोड़ी धूप लगने दो भाभी, सीख जाएगा। कितने दिन ढाँककर रखेंगे।"

ते नुसतं बोलणं नव्हतं. मी खरंच तसं ठरवत आणलं होतं. माझ्यानंतर या झाडाला तरट कोण बांधणार? आज ना उद्या त्याला स्वतःचं ऊन स्वतः सोसायचंच आहे. मग मी बघत असताना, पाणी द्यायला हाताशी असताना सोसू दे. शास्त्राप्रमाणे हेच बरोबर होतं.

भाभी हसल्या. "आप भी ना दीदी। सब जानती हो, फिर भी।"

"क्या जानती हूँ?"

"यही कि ये बाद में लगा है।"

भाभींना वाटलं त्यांनी जास्त बोलून टाकलं, आणि मग त्यांनी सगळंच सांगितलं. त्या दुपारी, नौतपाच्या ऐन उन्हात, ताईनं त्यांचं दार वाजवलं होतं. घाम, ओला नॅपकिन, चेहरा पांढरा पडलेला. "पूरबवाला सूख गया," एवढंच म्हणाली. दोघी ऑटो करून नानाखेड्याच्या पुढच्या नर्सरीत गेल्या. त्या दिवसांत झाड लावू नका, जगणार नाही, असं नर्सरीवाल्यानंही सांगून पाहिलं. ताईनं ऐकलं नाही. कुंडीसकट झाड ऑटोत आडवं घातलं आणि मांडीवर धरून आणलं. खड्डा तिनं स्वतः खणला, भाभींना कुदळ हातात घेऊ दिली नाही.

"मैंने कहा, दीदी, आप तो ये जोड़ी-वोड़ी कुछ मानती नहीं। तो बोलीं, मानती तो नहीं हूँ। पर इस महीने रिस्क नहीं लूँगी।"

मी भिंतीला हात टेकला. वीट गरम होती, तरी ठेवला.

"पहले ही दिन मुझे बोल दिया था उन्होंने," भाभी म्हणाल्या. "कि नलू ने पकड़ लिया। ये तो पढ़ाती है यही सब, इससे छिपेगा थोड़ी। पर बोलेगी नहीं, मेरा मन रखेगी। और सच में, आपने इतने साल नहीं बोला। वो बहुत हँसती थीं इस बात पे।"

"हँसती थीं?"

"हाँ। कहती थीं, उसको लगता है मुझे पता नहीं।"

मग त्या म्हणाल्या, "एक बार मैंने पूछा था कि छोटी दीदी तो कहती हैं धूप लगने दो, फिर आप क्यों बाँधती हो? तो बोलीं, इस घर में सबने वो गर्मी देखी है। मैंने, नलू ने, वो पुराने पेड़ ने। एक तो ऐसा रहे जिसने नहीं देखी।"

भाभींच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि त्या आत गेल्या. मी ओसरीत येऊन ताईच्या खुर्चीत बसले. आश्विनानंतर पहिल्यांदाच.

इतकी वर्षं मी त्या झाडाला अडाणी समजत होते, आणि ताईला लाड करणारी. झाडं आठवण ठेवतात हे मी तिला दहादा समजावून सांगितलं होतं, पुस्तकातली चित्रं दाखवून. ती "हो का" म्हणून भाजी निवडत राहायची. मला वाटायचं तिच्या डोक्यात शिरत नाही. तिच्या डोक्यात माझ्याआधी शिरलं होतं. आठवण राहते, म्हणूनच ती राहू नये अशी एक जागा तिनं घरात करून ठेवली होती. गरम वारा सुटल्यावर आम्ही तिघं मिटून बसायचो, तेव्हा फाटकाशी एक खुळं झाड कोवळे शेंडे काढत उभं असायचं. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर का उभी राहायची, हे मला काल कळलं.

आज सकाळी ऊन चढायच्या आत मी तरट काढलं. गेल्या उन्हाळ्यापासून ते मोरीवरच्या माळ्यावर घडी करून पडलं होतं. झटकलं, भिजवलं. एक टोक भिंतीच्या खिळ्याला बांधलं. दुसरं टोक हातात घेतलं आणि सवयीनं म्हणून गेले, "ताई, बांबू धर."

ओल्या तरटाचं पाणी कोपरावरून ओघळत होतं. बांबू आडवा पडला होता. एका हातानं बांबू धरायचा आणि दुसऱ्या हातानं विटा रचायच्या, हे मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तो कलंडला. काही कामं दोन माणसांचीच असतात, ती एकट्यानं होत नाहीत.

शेवटी मी तरटाला दोरी जोडली आणि ती फाटकावरून पलीकडे नेऊन पश्चिमेच्या झाडाच्या खोडाला बांधली. गाठ मारताना त्याची मळकी, मिटलेली पानं हाताला लागली. ते हललं नाही. खोड आता चांगलं जाड झालं आहे. दुपारी ऊन त्याच्या अंगावरून येईल आणि त्यानं धरलेल्या तरटाची सावली पूर्वेच्या झाडावर पडेल. दोरी फाटकावर आडवी आली आहे, आत येणाऱ्याला वाकावं लागेल. यायचं असेल तो वाकून येईल.

मग पाणी घातलं. घालता घालता मी मोठ्यानं म्हणाले, "ताई, मला माहीत होतं गं." इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य. कधीतरी अगदी म्हातारपणी, दोघींचे दात पडल्यावर, हसत हसत सांगायचं म्हणून ठेवलेलं. म्हणून झाल्यावर आठवलं, तिला तेही माहीत होतं. मला सांगायला म्हणून काही उरलंच नव्हतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

रस्त्यावर झळा दिसायला लागल्या होत्या. पश्चिमेचं झाड दोरी ताणून धरून उभं होतं. तरटाखाली पूर्वेच्या झाडानं एक नवा, पोपटी शेंडा काढला होता. त्याला अजून कशाचाच पत्ता नाही.